उणा उजेड

मधोमध अंधार दिसला तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले होते. वेळ पक्की आठवते, कारण मी ती वहीत लिहिली आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या.

प्रयोगशाळेच्या खिडक्यांना काळे पडदे होते. बाहेर एप्रिलचं ऊन, आत लेसरची तांबडी रेघ आणि जुन्या टेबलपंख्याच्या मोटरीवर गरगरणारी दुधी काच. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चौकटीत पांढरा कागद लावला होता, त्याच्यावर नखाएवढं उजेडाचं कडं पडलं होतं. असं कडं मी चौदा महिने रोज बघत होते. पण त्याचा मधला भाग नेहमी भरलेला असायचा. फिक्कट, पातळ, पाणी जास्त झालेल्या सरबतासारखा. आज तो काळा होता. काठ सुरीने कापल्यासारखा, आणि आत काही नाही.

मी व्हरांड्यातून जवळजवळ पळतच सालपेकर सरांच्या खोलीशी गेले. दाराला कुलूप होतं. शिपाई म्हणाला, "सर कुलगुरूंकडे गेलेत मीटिंगला. चारशिवाय येत नाहीत."

सर तेव्हा खोलीत असते, तर पुढचं सगळंच वेगळं झालं असतं. ते नव्हते, म्हणून मी परत आले.

ही १९९८ सालची गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षांची होते, आणि विदर्भातल्या एका विद्यापीठात डॉ. प्रभाकर सालपेकरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. सर जूनमध्ये निवृत्त व्हायचे होते. माझ्या शिष्यवृत्तीची मुदतही जूनलाच संपत होती.

सरांचा विषय थोडक्यात सांगायचा तर असा. लेसरचा उजेड म्हणजे कवायत करणारी पलटण. सगळ्या लाटांचं पाऊल एकदम पडतं. बल्बचा उजेड म्हणजे आठवडी बाजार, कुणाचं पाऊल कुणाशी जुळत नाही. सरांचं आयुष्य या दोहोंच्या मधल्या उजेडात गेलं होतं. शेजारच्याशी पाऊल जुळतं, चार ओळी पलीकडच्याशी नाही, असा अर्धवट सुसंगत उजेड. कुणाशी किती जुळवायचं हे आपल्या हातात आलं, की झोताला हवा तो आकार देता येतो. त्यासाठी लेसर फिरत्या दुधी काचेवर पाडायचा, म्हणजे पलटण विस्कटते. काचेवर कुठे किती उजेड पाडायचा याचा नकाशा आधी गणिताने काढायचा. नकाशा बदलला की पुढे झोताची घडण बदलते. असा झोत तापलेल्या हवेतून लांबवर गेला तरी साध्या लेसरसारखा फाटत नाही.

नव्वद साली सरांनी एक लेख लिहिला होता. त्यात त्यांनी गणिताने असा झोत रचला होता की ज्याच्या मध्यात पूर्ण अंधार आणि भोवती स्वच्छ कडं. दोन वर्षांनी त्यांचे विद्यार्थी सुरेंद्र भोंगाडे यांनी तो प्रत्यक्षात करून दाखवला आणि त्याचा फोटो काढला. तो फोटो आमच्या विभागाच्या जिन्यात मोठा करून लावला होता. परदेशातल्या लोकांच्या लेखांत त्याचा उल्लेख यायचा. सरांच्या निवृत्तीनिमित्त गौरवग्रंथ निघायचा होता, त्याच्या मुखपृष्ठावरही तोच फोटो होता.

माझं काम पुढचं होतं. तोच झोत तापल्या हवेतून पाठवायचा आणि त्याचं काय होतं ते मोजायचं. पण आधी झोत मिळायला हवा होता, आणि तो मला मिळत नव्हता. सुरेंद्रभाऊंनी वापरलेलाच नकाशा, तीच भिंगं, तीच मोटर. तरी मध्यात तो फिक्कट उजेड राहायचाच. सर अधूनमधून दारात येऊन बघायचे. जानेवारीत एकदा म्हणाले, "तुमच्या हातात स्थैर्य नाही, इखार. सुरेंद्रच्या हातात होतं."

रागावून म्हणाले नव्हते. म्हणून ते जास्त लागलं.

त्या दुपारी मी उजेड मोजायचं यंत्र दुरुस्तीला दिलं होतं. रिकामं बसवेना म्हणून कपाट उघडलं आणि सुरेंद्रभाऊंची फोटोची जुनी चौकट काढली. पुढे पातळ काच, मागे फिल्म धरायची खाच. फिल्मच्या जागी पांढरा कागद सरकवला आणि चौकट टेबलावरच्या खोबणीत बसवली. आणि अंधार दिसला.

सरांच्या दारावरून परत आल्यावर मला वाटलं, सर येईपर्यंत थोडं नीट करून ठेवावं. कडं कागदाच्या किंचित उजवीकडे होतं. मी भिंगाचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला.

कडं डावीकडे सरकलं. अंधार जागीच राहिला.

मी स्क्रू उलटा फिरवला. कडं उजवीकडे गेलं, अंधार तिथेच. पुन्हा फिरवला. सहा-सात वेळा तरी फिरवला असेल. मग लेसर बंद केला, दिवा लावला, चौकटीतून काच काढली आणि खिडकीचा पडदा बाजूला करून उन्हात धरली. काचेच्या बरोबर मध्यावर काळ्या शाईचा ठिपका होता. खसखशीपेक्षा थोडा मोठा. इतका गोल, की तो आपोआप झाला असेल असं वाटेना.

चार वाजता सर आले. "काही विशेष?" त्यांनी दारातून विचारलं.

"नाही सर," मी म्हटलं. वहीतल्या त्या दोन रेघा तोवर मी खोडल्या होत्या.

रविवारी मी एस.टी.ने बोरखेडीला गेले. सुरेंद्रभाऊ तिथल्या कॉलेजात शिकवायचे. कॉलेजच्या मागेच त्यांचं दोन खोल्यांचं घर. दारात त्यांची चार-पाच वर्षांची मुलगी चिंचोके खेळत बसली होती. आमची ओळख होती. दिवाळीला ते सरांना भेटायला यायचे तेव्हा विभागात चक्कर टाकायचे, माझं काम कुठवर आलं ते विचारायचे.

"अरे, कुंदा! काहून आलीस एवढ्या उन्हात?" त्यांनी कूलरचं तोंड माझ्याकडे फिरवलं. "मंगला, पन्हं कर वो. सरांकडची कुंदा आली."

वहिनी आत गेल्या. मी पर्समधून रुमालात गुंडाळलेली काच काढली आणि टेबलावर ठेवली. त्यांनी रुमाल सोडला नाही. वरूनच बघत राहिले.

"मला वाटलं, एव्हाना फुटली असेल," ते म्हणाले.

"सुरेंद्रभाऊ, हे काय आहे?"

"दिसून राहिलं ना तुला."

कूलरच्या आवाजात त्यांचं बोलणं मला पुढे वाकून ऐकावं लागत होतं. त्यांनी आवाज वाढवला नाही आणि कमीही केला नाही.

"सर रोज साडेदहाला दारात यायचे. आत नाही यायचे. 'दिसलं?' म्हणायचे. मी म्हणायचो, नाही सर. 'बरं,' म्हणायचे आणि जायचे. दीड वर्ष. कधी रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडलो तरी असतो. एक दिवस ते आले, 'दिसलं?' म्हणाले, आणि मी म्हटलं, हो. असं ठरवून नाही. निघून गेलं तोंडातून."

"मग?"

"मग काय! ते म्हणाले, 'दाखव.' मी म्हटलं, उद्या सर, फिल्म धुवायची आहे. मग रातोरात काहीतरी करणं आलं. सुई घेतली, काळी शाई घेतली. अकरा काचा खराब केल्या. बारावीवर गोल आला."

"सर काय म्हणाले फोटो बघून?"

"काही नाही. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्या बापानं कधी ठेवला नव्हता."

वहिनी पन्ह्याचे पेले घेऊन आल्या. त्यांनी टेबलावरची ती रुमालाची घडी उचलून बाजूला ठेवली, पेले मांडले आणि माझ्या आईची चौकशी केली. मी उत्तरं दिली. त्या आत गेल्यावर मी म्हटलं, "मी नाही सांगणार कुणाला."

त्यांनी मागितलं नव्हतं ते वचन. मी ते का दिलं, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. पन्हं फार चांगलं झालं होतं. समोरच्या भिंतीवर सरांचा आणि त्यांचा पदवीदानाच्या दिवशीचा फोटो होता. ही काही कारणं नव्हेत.

"जूनपर्यंत तरी नको सांगू," ते म्हणाले. "सरांना सुखानं रिटायर होऊ दे. त्यानंतर तुझ्या मनात येईल ते कर. मी तुला काही म्हणणार नाही."

स्टँडवर सोडायला ते आले. गाडी लागली होती. मी खिडकीत बसले तेव्हा ते खालून म्हणाले, "एक सांगतो, कुंदा. तुझ्या हातात काही खोट नाही. ते होतच नाही. माझ्याच्यानं झालं नाही, तुझ्याच्यानं होणार नाही. काहून होत नाही, ते मात्र मला नाही समजलं. तू गणितात चांगली आहेस. तू बघ."

तीन तासांच्या प्रवासात मी दुसरा कुठलाच विचार केला नाही. चौदा महिने मी माझे हात तपासत होते. मोटर तपासली, भिंगं तपासली, हादरे बसू नयेत म्हणून टेबलाखाली सायकलच्या ट्यूब घातल्या. सरांचं गणित तपासायचं मात्र मला सुचलं नव्हतं. कुणालाच सुचलं नव्हतं. ते छापलेलं होतं आणि त्याचा फोटो जिन्यात होता.

सोमवारपासून मी ते पहिल्या ओळीपासून करायला घेतलं. विभागात एकच संगणक होता. तो मला दुपारी बारा ते दोन मिळायचा, बाकीचे जेवायला गेलेले असायचे तेव्हा. सरांनी काचेवरच्या उजेडाचा नकाशा काढताना एका ठिकाणी एक पद सोडून दिलं होतं. 'हे नगण्य असल्याने वगळले आहे' अशी तळटीपही होती. हाताने गणित करताना कुणीही ते वगळलं असतं. मी ते ठेवलं आणि संगणकाला आकडे काढू दिले.

कागद खरखरत बाहेर आला. कडेचे आकडे सरांच्या आकड्यांशी जुळत होते. मध्याकडे येताना ते लहान होत गेले, शून्य झाले, आणि शून्याच्या पलीकडे गेले. ऐन मध्यावर उणे ०.०३.

मला आधी वाटलं, टंकताना चूक झाली. चूक नव्हती. दुसऱ्या पद्धतीने केलं, तिसऱ्या पद्धतीने केलं. पुढचा दीड आठवडा मी तो उणा आकडा घालवायचा प्रयत्न केला. तो गेला नाही.

सरांच्या झोतासाठी फिरत्या दुधी काचेच्या मध्यावर शून्याहून कमी उजेड पाडायला हवा होता. उजेड असतो किंवा नसतो. नसण्याच्या खाली पायरी नाही. नकाशा बनवताना त्या जागी आपण फार तर काळं करू शकतो, आणि सुरेंद्रभाऊंच्या नकाशातही तिथे काळंच होतं. मग जेवढा उजेड आपण उणा करू शकलो नाही, तेवढा पुढे झोताच्या मध्यात शिल्लक राहतो. मला रोज दिसायचा तो फिक्कट भाग म्हणजे हा शिल्लक उजेड. त्याचा आकडा काढला आणि माझ्या वहीतल्या चौदा महिन्यांच्या मोजमापांशी ताडून पाहिला. फरक फारच किरकोळ होता. तो झोत कुणालाच करता आला नसता, कारण तसा झोत असूच शकत नव्हता.

माझ्या हातात स्थैर्य होतं. हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी कागद घेऊन सरांकडे गेले. ते पुस्तकं आवरत होते. अर्धी कपाटं रिकामी झाली होती, खोक्यांवर त्यांच्या बारीक अक्षरात याद्या चिकटवलेल्या होत्या. टेबलावर गौरवग्रंथाच्या मुखपृष्ठाचा नमुना आलेला होता. निळ्यावर तांबडं कडं, मध्ये काळं, खाली सरांचं नाव.

"सर, नव्वदच्या लेखातल्या नकाशाबद्दल बोलायचं होतं."

"बोला."

"मध्यावर उजेड उणा येतोय."

त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिले. ते खुर्चीत बसले आणि वाचायला लागले. मला बसायला सांगायचं ते विसरले, मीही उभीच राहिले. पहिलं पान त्यांनी भराभर वाचलं. दुसऱ्यावर पेन्सिल घेतली. तिसऱ्यावर कोरा कागद ओढला आणि स्वतःच्या पद्धतीने गणित मांडायला सुरुवात केली. मध्ये एकदा शिपाई सही घ्यायला आला, त्याला त्यांनी वर न बघता हातानेच परत पाठवलं. बहुधा तासभर गेला. शेवटच्या ओळीखाली त्यांनी एक आकडा लिहिला, त्याच्याआधी उण्याची आडवी रेघ काढली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

त्यांनी तो कागद माझ्याकडे वळवला.

"आठ वर्षं झाली. किती लोकांनी वाचलं असेल! कुणाच्या लक्षात आलं नाही. मी तर त्याच्यावर तास घेतलेत." त्यांनी पुन्हा तो आकडा बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. खरं सांगायचं तर एखादं कोडं सुटल्यावर माणूस दिसतो तसे ते दिसत होते. "आणि साधं आहे हो. किती साधं आहे. बसा ना, उभ्या का?"

मी बसले. तेव्हा त्यांचं लक्ष त्या मुखपृष्ठाकडे गेलं.

मग त्यांनी ते उचललं, जवळ धरलं, लांब धरलं, आणि खाली ठेवून मला विचारलं, "मग सुरेंद्रने पाहिलं ते काय?"

या प्रश्नाची मी पंधरा दिवस तयारी केली होती. ठाऊक नाही, असं म्हणायचं ठरवलं होतं.

"काचेवर डाग असेल, सर," मी म्हटलं.

"असेल, की होता?"

"होता."

"तुम्ही पाहिलात?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला.

"पडलेला, की पाडलेला?"

मी मुखपृष्ठाकडे बघत राहिले. वरचा पंखा एका बाजूला खडखडत होता. मी नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. सरांनी प्रश्न पुन्हा विचारला नाही. मी काही सांगितलं नाही, असं त्यानंतर बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले.

ते म्हणाले, "एम.एस्सी.च्या मुलांना मी पहिल्या तासाला शिकवतो. काही दिसलं की आधी हलवून बघा. सोबत हलतं की नाही ते बघा. सुरेंद्रने फोटो दाखवला त्या दिवशी मी त्याच्या शेजारी उभा होतो. लेसर चालू होता. हात लांब केला असता तर भिंगाचा स्क्रू हाताला लागला असता." त्यांनी चष्मा परत लावला. "मला तो फोटो हवा होता, इखार."

"सर..."

"तुमच्या हातांबद्दल मी काही बोललो होतो."

"हो सर."

"ते चुकीचं होतं."

मग त्यांनी फोन जवळ ओढला, छापखान्याला लावला आणि मुखपृष्ठ छापू नका म्हणून सांगितलं. पलीकडचा माणूस काय लावायचं ते विचारत असावा. "काही नको," सर म्हणाले. "नुसतं निळं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक पोस्टकार्ड पेटीत टाकायला दिलं. पोस्टकार्ड होतं म्हणून वाचलं गेलं. 'प्रिय सुरेंद्र, गुरुवारी सकाळी अकराला ये. एक विचारायचं आहे. प्र. सालपेकर.'

याचं पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. सरांनी नव्वदचा लेख छापणाऱ्या नियतकालिकाला दोन परिच्छेदांचं टिपण पाठवलं. ते डिसेंबरात छापून आलं, तेव्हा ते निवृत्त होऊन सहा महिने झाले होते. नव्वद साली सुचवलेला झोत अस्तित्वात असू शकत नाही, हे कुंदा इखार यांनी दाखवून दिलं आहे, असं पहिल्या परिच्छेदात होतं. ब्याण्णव सालचा फोटो मागे घेतला समजावा आणि त्या प्रयोगाची पडताळणी करण्याची जबाबदारी आपली स्वतःची असून ती आपण पार पाडली नाही, असं दुसऱ्यात. त्याच्यात सुरेंद्रभाऊंचं नाव नव्हतं. पण त्यांनी स्वतःहून विद्यापीठाला पत्र लिहिलं. समिती बसली, वर्षभर चालली, पदवी गेली. कॉलेजने त्यांना ठेवलं, पण अकरावी-बारावीच्या वर्गांवर. तिथेच ते निवृत्त झाले. बोरखेडीची मुलं त्यांच्याबद्दल चांगलं बोलतात, असं ऐकते. सर गेले त्याला आता बारा वर्षं होतील.

माझा प्रबंध आणखी दोन वर्षं लांबला. शिष्यवृत्ती संपली होती, एका शाळेत शिकवत मी तो पुरा केला. कोणते झोत घडवता येतात आणि कोणते येत नाहीत, हे आधीच कसं ओळखायचं, हा त्याचा विषय. मध्यात पूर्ण काळोख मिळवायचा नाद सोडला, की थोडा उजेड शिल्लक राहिलेली कितीतरी चांगली कडी घडवता येतात. तापल्या हवेतून ती खरोखरच टिकून जातात. ते मी पुढे विद्यापीठाच्या माळावर मे महिन्याच्या दुपारी मोजलं. पण तो वेगळा विषय.

त्या गुरुवारी सुरेंद्रभाऊ अकराला पाच कमी असताना आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. व्हरांड्यात मी उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि सरांच्या दारावर टकटक केली. दार लागलं.

मी प्रयोगशाळेत जाऊन बसले. दार उघडं ठेवलं होतं. लेसर लावला नाही. सरांच्या खोलीतून काही आवाज येत नव्हता, चढा नाही आणि उतरलेलाही नाही. सव्वाबारा वाजता दार उघडलं. सुरेंद्रभाऊ बाहेर आले, व्हरांड्याच्या टोकाला माठ होता तिथे गेले आणि दोन पेले पाणी प्यायले. मी त्यांच्यापाशी गेले.

"तू सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही. सरांनी विचारलं. मी गप्प बसले."

"हं." त्यांनी तोंड पुसलं. त्यांना राग आलेला मला दिसला नाही. मी तो शोधत होते, तरी दिसला नाही.

"काय म्हणाले सर?"

"काय म्हणतील! डाग पडला होता की पाडला होता, विचारलं. मी म्हटलं, पाडला. किती काचा लागल्या म्हणाले. बारा, म्हटलं. मग म्हणाले, तुझी पोरगी आता शाळेत जात असेल ना."

"सव्वा तास झाला की."

"बसून होतो नुसते. ते काही बोलले नाहीत, मी काही बोललो नाही. त्यांनी चहा मागवला, तो थंडा झाला."

मी माफी मागायला तोंड उघडलं असावं, कारण त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"सहा वर्षं, कुंदा. दर दिवाळीला मी त्यांच्या घरी गेलो. दर वेळी वाटायचं, आज विचारतील. गाडीत बसून उत्तर पाठ करायचो. ते फराळ द्यायचे, तब्येत विचारायचे, दारापर्यंत सोडायला यायचे. घरी गेलो की मंगला म्हणायची, काय झालं, एवढे काहून थकले? तिला काय सांगू?" त्यांनी पेला माठावर पालथा घातला. "आज विचारलं एकदाचं."

साडेबाराची गाडी होती. ते जिना उतरून गेले. वरून मला फाटकापर्यंतचा रस्ता दिसत होता. दोन्ही कडेला कडुनिंबाची सावली होती, पण ते सावलीला गेले नाहीत. भर उन्हातून, रस्त्याच्या मधोमध, हात मोकळे सोडून चालत गेले.